दातेरी रुळावरचा प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण अध्यक्षीणबाईंनी सांगितले, "उटीला जाऊन आलात, तेव्हा त्या आगगाडीविषयी चार शब्द बोला." म्हणून उभी आहे.

आपल्या महाराष्ट्रात माथेरानची छोटी गाडी १९०७ सालापासूनची आहे. ती वळणे घेत घेत डोंगर चढते. तिच्या रुळांना दात नाहीत. दातेरी रुळावरून चढणारी आगगाडी साऱ्या भारतात एकच. ती तामिळनाडूत मेट्टुपालयमहून उटीला जाते, ४६ किलोमीटर. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ साली सुरू झाला आणि उटीपर्यंतचा १९०८ साली. २००५ साली युनेस्कोने तिची गणना जागतिक वारशात केली.

आता हे दात कशासाठी? लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार उभा चढ चढू शकत नाही, घसरते. आणि कल्लार ते कुन्नूर चढ असा, की बारा हात पुढे जावे तेव्हा एक हात वर. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. इंजिनाखालचे दातेरी चाक त्यांत अडकत अडकत वर जाते. गुऱ्हाळातल्या चरकाचे दात एकमेकांत बसतात ना, तसेच. पट्ट्या दोन आहेत, आणि एकीचा दात दुसरीच्या खाचेसमोर येतो. त्यामुळे एक दात सुटण्याआधी दुसऱ्याने धरलेले असते. चढताना इंजिन पुढे नसते, मागे असते. ते गाडी ओढत नाही, ढकलते. शिवाय प्रत्येक डब्यावर ब्रेक धरणारा माणूस उभा असतो. या चढावर वेग सायकलीपेक्षाही कमी.

आम्ही तिघे गेलो होतो: मी, माझे यजमान आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. मोठे दीर जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. तेव्हापासून जाऊबाई घर आणि शेत सोडून कुठे गेल्या नव्हत्या. तिकिटे काढली तशी आळीत कुजबुज सुरू झाली. "न्यायचे तर पंढरपूरला न्यावे. थंड हवेच्या ठिकाणी तिचे काय काम?" जाऊबाईही म्हणाल्या, "राहू दे गं, लोक बोलतील." मी म्हटले, "बाई, लोकांचे बोलणे इथेच राहील. आपण आठ दिवसांत परत येऊ."

हट्ट्याहून परभणी, पुढे गाड्या बदलत कोइमतूर आणि मग मेट्टुपालयम. सकाळी सातच्या सुमारास गाडी सुटली. कल्लार सोडले आणि खालून खडखड सुरू झाली. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. हिलग्रोव्ह स्टेशनात इंजिन पाणी घ्यायला थांबले, तेव्हा म्हणाल्या, "मागे घसरली तर?" ब्रेकवाल्याला आपली भाषा येत नव्हती, पण भीती कळली असावी. त्याने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवली, ओढून दाखवली आणि हसला. जाऊबाई त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्या बोगदे मोजू लागल्या. सगळे मिळून सोळा आहेत. कुन्नूर जवळ आले, चहाचे मळे दिसू लागले, तेव्हा त्यांनीच मला खांद्याला धरून वळवले, "अगं, तिकडे बघ!" दीड वर्षात आपणहून मला काही दाखवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. कुन्नूरला इंजिन बदलले, पुढे दाताविना वाट. दुपारी उटीला पोहोचलो.

एका प्रवासाने दुःख सरते असे मी म्हणणार नाही. पण गेल्या मोसमात वसमतच्या मोंढ्यावर हळद घेऊन त्या स्वतः गेल्या. भाव ठरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

भगिनींनो, ज्यांच्या शेतातली हळद आपण कपाळाला लावतो, त्यांनाच आपण हळदीकुंकवाला बोलावत नाही. मंडळाच्या सहलीची यादी करतानाही त्यांचे नाव कुणी सुचवत नाही. कुणी मुद्दाम टाळते असे नाही, पण नाव राहते खरे. माझी मंडळाला दोन मागण्या आहेत. यंदाच्या संक्रांतीला सगळ्यांना बोलवावे. आणि पुढची सहल ठरेल तेव्हा अशा बायांची नावे यादीत आधी घालावी. उटीचे ठरल्यास तिकिटे फार आधी काढावी लागतात, आणि पावसात दरडी कोसळून तो मार्ग कधी कधी बंद होतो, हे ध्यानात ठेवावे.

नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणे हा उभाच चढ आहे. तिथे मागून ढकलणारे कुणी हवे आणि घसरू न देणारे कुणी हवे. एवढे आपल्या मंडळाला सहज जमेल. जाऊबाई आज इथे मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना पुढे बोलवावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवते.