घोडीवरचे बिऱ्हाड : वरंध घाटातून उतरणारा हिवाळी मुक्काम



दिवाळी आटोपते, खाचरांतील भात खळ्यावर येते आणि भोरकडून वरंध घाट उतरून मेंढ्यांचे कळप महाड तालुक्यात येऊ लागतात. कळपांमागून घोडी येतात. एकेका घोडीच्या पाठीवर एक अख्खा संसार लादलेला असतो. पिठामिठाची गाठोडी, भांडी, घोंगड्या, मेंढ्या कोंडण्याची वाघर, दोन दिवसांची कोकरे, डालग्यातील कोंबड्या आणि कधी कधी या साऱ्यावर बसविलेले लहान मूल. फलटण, माण, खटाव, बारामती या अवर्षणप्रवण टापूंतील मेंढपाळ धनगरांचे हे हिवाळी बिऱ्हाड होय.

युरोपातील थंड देशांतील अनेक निवृत्त दांपत्ये हिवाळ्यात चाकांवरचे घर घेऊन स्पेन-पोर्तुगालच्या उबदार किनाऱ्यावर जाऊन राहतात. महाराष्ट्र शासनानेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि अशा फिरत्या घरांना थांबण्यासाठी सोयींनी युक्त तळ असावेत, ही कल्पना मान्य केली. फिरत्या घरालाही थांबण्याची हक्काची जागा लागते, हे तत्त्व त्यामुळे शासनदरबारी रुजू झाले आहे. वरंधच्या पायथ्याशी मात्र हे तत्त्व नवे नाही. तेथे फिरते घर पिढ्यान्‌पिढ्या येत आहे. फरक इतकाच की मेंढपाळ ऊब शोधीत येत नाही. तो चारा आणि पाणी शोधीत येतो.

या स्थलांतरामागील हिशेब साधा आहे. फलटण-माणच्या बाजूस वर्षाकाठी सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडतो. महाड-पोलादपुरात तो 3000 मिलिमीटरच्या वर जातो. पावसाळ्यात माळावर गवत असते, तेव्हा कळप घरी राहतात. पुढे माळ सुकतो, आणि त्याच सुमारास कोकणातील खाचरे मोकळी होऊन बांधांवर व वरकस जमिनीवर हिरवा चारा उभा असतो. उलटपक्षी दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. कोकणच्या पावसात तिची लोकर भिजून राहते, खूर कुजतात. म्हणून मृगाच्या आत घाट चढून जाणे तिला भागच असते. अशा रीतीने एकच कळप दोन प्रदेशांतील गवताचा, ज्याच्या त्याच्या हंगामात, उपयोग करून घेतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण कागदोपत्री हा घोटाळा वारंवार होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळून राहणारे गवळी धनगर आणि देशावरून येणारे हे मेंढपाळ धनगर, हे दोन निराळे समाज आहेत. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवरील आपला अभ्यास 1982 साली प्रसिद्ध केला. एकांची अडचण माथ्यावरील जंगलाची, दुसऱ्यांची वाटेची व तळाची. दोघांसाठी एकच उपाय योजून भागणार नाही.

मेंढपाळ गावात येतो तो केवळ घेण्यासाठी येत नाही. रात्री वाघर लावून मेंढ्या खाचरात बसविल्या म्हणजे लेंडी आणि मूत्र दोन्ही जागेवरच जमिनीत जातात. वाहतुकीचा खर्च नाही, मजुरी नाही. अतिवृष्टीने ज्या मातीतील अन्नद्रव्ये दरवर्षी धुऊन जातात, त्या मातीस या खताचे मोल किती, हे वरंध-बिरवाडीच्या जुन्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोबदला पूर्वी भाताच्या रूपाने मिळे. पुढे रोख रक्कम आली. शिवाय राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याची कोकणातील जुनी रीत जेथे टिकून आहे, तेथे मेंढ्यांच्या खताने तो भार थोडा हलका होऊ शकतो.

असे असता हा व्यवहार आक्रसत का चालला आहे? दोष एकट्या कोणाचा नाही. 1990 नंतर रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. शेतकऱ्याचे त्यात हितच झाले. परंतु कुंपणे पडली आणि चराई गेली. भातामागून वाल-पावटा पेरलेल्या शेतात कळप शिरला तर तंटा अटळ. औद्योगिक वसाहत आणि बाहेरच्या खरेदीदारांचे बंगले यांनीही जागा व्यापली, तर रुंदावलेल्या महामार्गावर पहाटेच्या अंधारात कळप ओलांडून नेणे जिवावरचे काम झाले. तंटा झाला की प्रकरण कोंडवाड्याकडे जाते, आणि तेथे मेंढपाळाच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. तो या गावचा मतदार नाही, हे त्याचे खरे दुखणे आहे.

स्पेनने हा प्रश्न कायद्याने हाताळला. तेथे हिवाळ्यात दक्षिणेकडे कळप नेण्याच्या जुन्या वाटा 1995 च्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षित झाल्या. संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे वर्ष गवताळ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागेही हीच जाणीव आहे. आपल्याकडे मात्र कायद्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीस पुष्कळ करता येण्यासारखे आहे. कोणत्या शेतकऱ्यास मेंढ्या बसवून हव्या आहेत, याची यादी भातकापणीपूर्वीच करता येईल. वाल पेरलेले शेत आणि मोकळे खाचर यांची खूण अगोदर ठरली, तर निम्मे तंटे उद्‌भवणारच नाहीत. तळासाठी एखादी गुरचरणाची जागा नेमून देता येईल. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळपांच्या आगमनाची सूचना मिळाल्यास आंत्रविषार व पीपीआर या रोगांवरील लसीकरण तळावरच होऊ शकेल, आणि त्याचा लाभ गावच्या शेळ्यांनाही होईल.

शिक्षकांपुढील प्रश्न अधिक अवघड आहे. घोडीवरून आलेले मूल एका गावी काही रात्रीच राहते. स्थलांतरित बालकांसाठी शिक्षण हमी पत्रकाची तरतूद आहे. परंतु ऊसतोडीच्या फडावरील मूल निदान एका जागी सापडते, मेंढपाळाचे मूल आठवड्यागणिक गाव बदलते. पत्रक पाहून चार दिवसांसाठी का होईना वर्गात बसवून घेणारी शाळा त्याला वाटेवरच्या प्रत्येक गावी भेटली, तरच त्या कागदास अर्थ येईल. मुलींच्या बाबतीत तर हे फारच निकडीचे आहे, कारण तळ हलविणे, घोडी लादणे, पाणी भरणे ही सारी कामे स्त्रियांकडे असतात आणि मुली त्यांच्या हाताशी लवकर लागतात.

राहिला पाण्याचा प्रश्न. कार्तिकात ओढे वाहते असतात, तेव्हा कोणास अडचण जाणवत नाही. खरी ओढाताण परतीच्या वेळी, मे महिन्यात होते. घाटाच्या पायथ्याची कित्येक गावे तेव्हा स्वतःच टँकरवर अवलंबून असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेकडो मेंढ्या उन्हातून घाट चढण्यापूर्वी पाण्यावर येतात. त्यांच्यासाठी निराळी टाकी कोठे बांधावी आणि ती कोणत्या स्रोतावरून भरावी, हे गावकरी व मेंढपाळ यांनी एकत्र बसून ठरविण्यासारखे आहे. त्यासाठी हा विषय फेब्रुवारीच्या आत, कळप अजून खालीच असताना, ग्रामसभेपुढे यावयास हवा.