गाठ निघाली म्हणून पिशवी काढायची घाई नको

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य विषयावर झालेलं भाषण)



‘सोनोग्राफीत गाठ आली’ म्हटलं की आपले हातपायच गळतात. गाठ म्हणजे कॅन्सर, असंच मनात येतं. पण गर्भाशयाच्या स्नायूत होणारी गाठ, जिला डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, ती बहुतेक वेळा साधी असते. ती अंगात दुसरीकडे पसरत नाही. तिशी ते पन्नाशीच्या बायकांमध्ये ती खूप आढळते. पाळी कायमची गेली की सहसा लहान होते.

मग उपचार काय? त्रास नसेल तर बहुतेकींना काहीच लागत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करायची. पाळीत फार जात असेल, गुठळ्या पडत असतील, चालताना दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव कमी करणारी औषधं मिळतात. मूल हवं असेल तर पुष्कळदा नुसती गाठ काढता येते, पिशवी राहते. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय. काहींना तो खरंच लागतो, तेव्हा घाबरू नका. पण घाईही नको.

बीडच्या ऊसतोड बायकांचं आपण ऐकलंच आहे. इतक्या जणींच्या पिशव्या काढल्या गेल्या की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर कमी वयातच अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. मग कोयता कसा चालवायचा?

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. पाळी गेल्यावर वर्षानंतर पुन्हा लाल गेलं, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर लगेच दाखवा. ते साधंच असेल असं धरून चालू नका.

डॉक्टरांना न लाजता विचारा: गाठ केवढी आहे? औषधाने भागेल का? अंडाशय ठेवणार का? रिपोर्ट आपल्याकडे ठेवा आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आशाताईंना सोबत न्या.

आणि गटाला एक विनंती. ऑपरेशनसाठी कुणी कर्ज मागितलं तर अडवू नका. फक्त प्रेमानं विचारा, “ताई, दुसरीकडे दाखवलंस का?” तेवढ्या एका प्रश्नाने एखादीची पिशवीही वाचेल आणि पैसाही.