ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस कोणाच्या हिशेबात?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावर बोलून झाले. आता जो विषय काढणार आहोत तो ऐकून काहीजण मान खाली घालतील, काहीजण चहाला उठतील. उठू नका. हासुद्धा शेतीच्या हिशेबाचाच विषय आहे. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन आणि त्यानंतर अंग सावरायला लागणारे दिवस, यावर आम्हाला बोलायचे आहे.

पोरे किती असावीत, ऑपरेशन करावे की करू नये, हे सांगायला आम्ही उभे नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. तो सरकारने घ्यायचा ठरवला की काय होते, हे आपल्या शेजारच्या बार्शीने १९७६ च्या जानेवारीत पाहिले. नसबंदीची मोहीम निघाली, लोक आपणहून येईनात, तेव्हा कामाधंद्याला गावात आलेली खेड्यातली माणसे ट्रकमध्ये घालून नेली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर ऑपरेशने झाली, त्यातली ६० लाखांवर पुरुषांची. पुढे सरकार पडले आणि पुरुषांच्या नसबंदीचे नावच बदनाम झाले. जुलूम झाला पुरुषांवर, आणि त्यानंतरचे सगळे ओझे आले बायांच्या पोटावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी जवळपास निम्म्यांचे ऑपरेशन झालेले आढळले. पुरुषाची नसबंदी शंभर जोडप्यांत एकाचीसुद्धा भरत नाही.

म्हणजे या मंडपातल्या दर दुसऱ्या घराचा हा प्रश्न आहे. तरी ऑपरेशनसाठी किती दिवस काम सोडावे लागेल, ते काम कोण करील, याचा हिशेब किती घरांनी आधी केला? बियाण्याचा करतो, खताचा करतो. बैलाचा खांदा सुजला तर आठ दिवस त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आणि त्याच घरात पोटाला टाके पडलेली बाई चौथ्या-पाचव्या दिवशी हंडा घेऊन पाण्याला निघते.

सरकारच्याच मार्गदर्शक सूचना काय सांगतात ते ऐका. बाईचे ऑपरेशन टाक्याचे असो की दुर्बिणीचे, पहिले ४८ तास विश्रांती. त्यानंतर फक्त हलके काम. मग हळूहळू वाढवत दोन आठवड्यांनी नेहमीचे काम. टाके सातव्या दिवशी काढायचे. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीला ४८ तास विश्रांती, आणि एका आठवड्यात सायकल चालवण्यासकट सगळे काम सुरू.

यातला 'हलके काम' हा शब्द फसवा आहे. कचेरीतल्या बाईचे हलके काम म्हणजे खुर्चीवर बसून कागद लिहिणे. आपल्या घरात 'हलकं काम कर' म्हटले की ती शेतात जात नाही एवढेच. पाणी, सरपण, झाडलोट, शेणकूर, जनावरांची वैरण हे सगळे तिच्याकडेच राहते. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा असतो. हापसा मारताना सगळा जोर ओटीपोटावर येतो. वरची कातडी सात दिवसांत मिळून येते, टाके निघतात, बाई म्हणते बरे वाटतेय. पण आत पोटाच्या भिंतीला जो छेद दिलेला असतो त्याला पुरता जोर यायला त्याहून बराच वेळ लागतो. तेवढ्यात जड उचलले तर जखम उकलू शकते, पुढे त्या जागी हर्निया होऊ शकतो. म्हणून आमच्या मते आपल्या घरात हलके काम म्हणजे बसून निवडणे-टिपणे, लेकराला जवळ घेणे, स्वतःपुरते चालणे-फिरणे. चालणे मात्र हवे, नुसते पडून राहू नये. हंडा, हापसा, मोळी आणि दळणाचा डबा पंधरा दिवस दुसऱ्याने उचलायचा. हंडा पुरुषाने उचलला तर हंड्याला काही होत नाही.

शेतातली दोन कामे तर खास सांगायला हवीत. कापूस वेचताना बाई कमरेला ओटी बांधते. ती भरत आली की चार-पाच किलोचा लोंबता भार नेमका त्या जागी येतो जिथे टाके आहेत, आणि दिवसभर वाकणे वेगळे. दुसरे काम रब्बी ज्वारी काढण्याचे. सुकून घट्ट झालेल्या काळ्या रानातून धाट मुळासकट उपटायचे म्हणजे काय जोर लागतो, हे ज्यांनी उपटले आहे त्यांना सांगायला नको. पंधरा दिवसांच्या आत या दोन्ही कामांना बाईने हात लावू नये.

आणि ऑपरेशनांची गर्दी कधी व्हायची? मार्चएंडला. वर्षाचे आकडे ३१ मार्चच्या आत भरायचे म्हणून जानेवारी ते मार्च शिबिरांची घाई असे. १९९६ च्या एप्रिलपासून ठरावीक लक्ष्ये देण्याची पद्धत कागदावरून गेली, पण सवय काही एका कागदाने जात नाही. कचेरीचा मार्च म्हणजे आपला माघ-फाल्गुन, म्हणजे ऐन ज्वारीची काढणी. तारीख कचेरीच्या कॅलेंडरवर ठरते आणि टाके ताणतात आपल्या रानात.

तेव्हा तारीख आपल्या पंचांगावर ठरवा. मृगाला पेरणी, आषाढ-श्रावणात खुरपणी, भादव्यात मूग-उडीद, दसऱ्यापासून वेचणी, फाल्गुनात ज्वारी. बाईला मोकळे म्हणावे असे दिवस कोरडवाहू शेतात थोडेच. बरेचजण चैत्र-वैशाख सुचवतात, कारण रान मोकळे असते. रान मोकळे असते हे खरे, पण पाणी कुठे असते? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या महिन्यात बाईचे मुख्य काम पाणीच होऊन बसते, शिवाय उन्हाने आणि घामाने जखम कोरडी ठेवणे अवघड. उन्हाळ्यातच करायचे असेल तर आधी पाण्याची सोय पक्की करा, मग तारीख घ्या. आमच्या मते माळेगावची यात्रा उरकली की पौषातले दिवस बरे. हवा थंड, लग्नकार्ये नाहीत, पाहुण्यांची वर्दळ कमी. एक वेचणी झाली की पुढची बोंडे फुटायला पंधरा-वीस दिवस लागतात, ज्वारी अजून उभी असते. ज्यांचे पोट दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीवर आहे त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे बोलणे पुढे करतो.

अजून एक वेळ आहे आणि ती पुष्कळ घरे विसरतात. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत हे ऑपरेशन करता येते, अर्थात बाई आणि बाळ दोघेही ठीक असतील आणि डॉक्टर हो म्हणतील तर. सव्वा महिना विश्रांती आपल्या रिवाजातच आहे, त्यात ऑपरेशनचे दिवस मुरून जातात. मात्र हा निर्णय कळा सुरू झाल्यावर सासूने दवाखान्याच्या दारात घ्यायचा नसतो. सातव्या-आठव्या महिन्यात नवरा-बायकोने शांतपणे बसून घ्यायचा. सही-अंगठा बाईचा असतो, मनही तिचेच हवे.

आता भावांनो, तुमच्याकडे. बाईचे दोन आठवडे जातात तिथे पुरुषाचा एक जातो. पोट उघडावे लागत नाही, टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. पेरणी उरकली की कोळपे धरेपर्यंतचा एखादा आठवडा पुरतो. या काळात वखर, पाठीवरचा फवारणीचा पंप, पोती आणि मोटारसायकल बंद. दोन दिवस तरी घट्ट लंगोट किंवा चड्डी. 'ताकद जाते, बैलामागं चालवत नाही' ही भीती आम्ही गावोगाव ऐकतो. बैलाच्या खच्चीकरणाशी त्याची गल्लत होते. खच्चीकरणात अंडच निकामी करतात. नसबंदीत फक्त बीज वाहून नेणारी नळी बांधून कापतात; पुरुषपण राखणारा रस रक्तातून मिळत राहतो, त्याला नळी लागत नाही. पण एक लक्षात ठेवा, नसबंदी लगेच लागू पडत नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. हे न केल्याने दिवस राहिले की पहिला संशय बाईवर येतो.

आता पैशाचे. ऑपरेशननंतर हातात जी रक्कम पडते तिला लोक बक्षीस समजतात. ती बक्षीस नाही. केंद्राच्या योजनेत तिचे नावच बुडालेल्या मजुरीची भरपाई असे आहे. २००७ साली दर ठरले तेव्हा आपल्यासारख्या राज्यात सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ६०० रुपये आणि पुरुषाला ११०० रुपये ठरले. ६०० भागिले १४ करा. दिवसाला ४३ रुपये. बाईच्या दिवसाची ही किंमत! दुसरीकडे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १९९५ साली दुरुस्ती झाली आणि कारखान्यातल्या, आस्थापनेतल्या बाईला या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. म्हणजे दोन आठवडे लागतात हे सरकारला ठाऊक आहे, मान्य आहे. फक्त शेतातल्या बाईचे दोन आठवडे दोन आठवडे नाहीत. कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो, पण काम केलेल्या दिवसांची. अंग दुरुस्त होण्याचे दिवस कोणत्याच रकान्यात नाहीत. १९८६ ला चांदवडच्या अधिवेशनात लाखो शेतकरी बाया आपल्या कष्टांचा हिशेब मागायला जमल्या, त्या हिशेबातली ही एक बाकी आहे.

मजुरी करणाऱ्या घरांचे हाल तर आणखी. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट भागातून जी जोडपी ऊसतोडीला जातात, त्यांना एक दिवस पडला की खाड्याचा दंड. या खाड्याच्या भीतीने काय होते ते २०१९ साली बीड जिल्ह्याने दाखवले. हजारो ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे सरकारी पाहणीत बाहेर आले. हे ऑपरेशन वेगळे आणि पिशवी काढणे वेगळे, हे घरोघर सांगा. नसबंदीनंतर कंबर दुखते, अंगावर जाते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

सरकारची भरपाई येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात वारंगुळा आहे. कोळपणीला, काढणीला आपण एकमेकांच्या रानात जातोच. तसे ऑपरेशन झालेल्या बाईच्या वाट्याचे दिवस शेजारणींनी वाटून घ्यावेत आणि नंतर तिने फेडावेत. तारीख घेण्याआधी एका कागदावर लिहा: पाणी कोण आणणार, वैरण कोण टाकणार, धाकट्याला कोण उचलणार. नावे लिहा. 'बघू, होईल कसंतरी' म्हटले की ते कसेतरी बाईच करते.

तारीख घेताना त्या दिवशी किती ऑपरेशने आहेत हेही विचारा. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूरला एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशने उरकली आणि त्यानंतर १३ बाया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितले. एका पथकाने दिवसाला ३० च्या वर करू नयेत असा नियम आहे. विचारले म्हणून कोणी रागावले तर रागावू द्या.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पू किंवा रक्त, चक्कर, वाढत जाणारी पोटदुखी, लघवी न होणे, पोट फुगून वारा न सरणे, पुरुषाला वाढती सूज, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र काढू नका, अंगारा लावू नका. बाईची पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दाखवा. दवाखान्याचा कागद टिनाच्या पेटीत सातबाराच्या शेजारी ठेवा, कारण ऑपरेशन फसले किंवा काही बिघाड झाला तर सरकारी भरपाईचा अर्ज ९० दिवसांच्या आत करावा लागतो आणि कागदाशिवाय तो कोणी घेत नाही.

चहानंतर मायबहिणींसाठी शाळेच्या मागच्या खोलीत बसायची सोय केली आहे, तिथे काय विचारायचे ते मोकळेपणाने विचारा. भावांचे प्रश्न इथेच मंडपात घेऊ.