मालक कोण, हे आधी विचारा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या मालकीचे पर्यटन-व्यवसाय आणि कलाव्यवसाय यांच्याशी आपला संबंध काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु हा संबंध आता दूरचा राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला. मेलबर्न, सिडनी येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. आपल्यातीलही काहींची मुले तेथे शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. आईबाप त्यांना भेटावयास जातात, चार ठिकाणे पाहतात आणि परतताना ठिपक्यांच्या नक्षीचे एखादे बूमरँग कपाटात ठेवावयास घेऊन येतात. त्या बूमरँगासाठी मोजलेला पैसा कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी वकील आहे. म्हणून आरंभ कायद्याच्या इतिहासाने करतो. १७८८ साली इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर वसाहत स्थापिली, तेव्हा त्या खंडावर शेकडो भाषा बोलणारे लोक हजारो वर्षांपासून नांदत होते. तरीही ती भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, असे इंग्रजी कायद्याने गृहीत धरले. या गृहीतकाची क्रूरता लक्षात घ्या. एखाद्याची जमीन बळकावावयाची तर निदान त्याला मालक मानून मग हरवावे लागते. येथे मालक म्हणून तो कधी अस्तित्वातच नव्हता, असे ठरवून टाकण्यात आले. जो मालक नव्हता त्याने तक्रार तरी कशाची करावयाची?

१९६७ च्या सार्वमतात शंभरांपैकी नव्वदांहून अधिक मते होकारार्थी पडली, तेव्हा कोठे आदिवासींना लोकसंख्येच्या अधिकृत गणतीतून वगळणारे राज्यघटनेतील कलम रद्द झाले. पुढे टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो व त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली दावा लावला. तो दहा वर्षे चालला. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, जे त्या देशातील सर्वोच्च न्यायालय आहे, निर्मालक भूमीचे ते तत्त्व फेटाळून लावले आणि मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क कायद्याला मान्य करता येतो, असा निर्णय दिला. निकाल ऐकावयास माबो हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते निवर्तले होते. १९९३ साली या हक्काचा कायदा झाला.

हक्क मान्य झाला. पण हक्काच्या कागदाने चूल पेटत नाही. त्या जमिनीवर मालकाने स्वतःचा उद्योग उभारला, त्याचा हिशेब स्वतः ठेवला आणि त्याच्या नफ्यातून स्वतःच्या मुलांचे शिक्षण केले, म्हणजे मालकी खरी होते. याचे एक उदाहरण आपणांस सांगतो.

व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येस बज बिम नावाचा प्रदेश आहे. तेथील गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडांतून चर खोदले, बांध घातले, पाण्याचे प्रवाह वळविले आणि वाम मासा पकडण्याची व वाढविण्याची एक मोठी व्यवस्था निर्माण केली. ही व्यवस्था किमान ६,६०० वर्षांची जुनी आहे. दगडी घरांचे अवशेषही तेथे सापडतात. म्हणजे ज्यांना ‘केवळ भटके’ म्हणून हिणविले आणि त्या सबबीखाली ज्यांची मालकी नाकारली, त्यांनी इजिप्तचे पिरॅमिड उभे राहण्यापूर्वीच पाण्याचे नियोजन केले होते. फेडरल कोर्टाने ३० मार्च २००७ रोजी त्यांचा भूमिहक्क मान्य केला. जुलै २०१९ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले. केवळ आदिवासी संस्कृतीच्या मूल्यामुळे त्या यादीत गेलेले ते ऑस्ट्रेलियातील पहिले स्थळ होय.

आज तेथे गुंडिचमारा वाटाडे पाहुण्यांना घेऊन हिंडतात. ताए राक सरोवराच्या काठी २०२२ साली त्यांनी मत्स्यपालनाचे केंद्र उघडले असून, वाम माशाचे पदार्थ पाहुण्यांना तेथे चाखावयास मिळतात. हे चर कोणी खोदले, मग जमीन कशी गेली, मिशनच्या आवारात त्यांना कसे राहावे लागले, हे सारे त्या वाटाड्याच्या मुखातून ऐकावयास मिळते. येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. तिकिटाचा पैसा मालकाच्या घरी जातो आणि इतिहास सांगण्याचा अधिकारही त्याच्याकडे परत येतो. ज्यांचा इतिहास पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी लिहिला, त्यांना या दुसऱ्या गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावयास नको.

मालकीत आणखी एक अधिकार अंतर्भूत असतो. तो म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू हा प्रचंड लाल खडक आहे. १८७३ साली एका इंग्रज भूमापकाने त्याला एअर्स रॉक हे नाव दिले. अनांगू लोकांना तो पवित्र आहे. त्यावर चढू नये, अशी त्यांची रीत. पण पर्यटक साखळीला धरून वर चढत, छायाचित्रे काढीत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने त्या भूमीचा हक्कलेख अनांगूंच्या स्वाधीन केला. मात्र अट अशी की त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला परत द्यावी. तरीही उद्यानाच्या मंडळात त्यांचे बहुमत झाले आणि उत्पन्नातील वाटाही ठरला. आमच्या पाहुण्यांनो, वर चढू नका, अशी विनंती त्यांनी अनेक वर्षे केली. अखेरीस मंडळाने २०१७ साली ठराव केला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. शेवटच्या दिवसांत वर चढण्यासाठी लोकांची रांग लागली होती! ज्याच्या घरात शिरलो त्याच्या उंबरठ्याचा मान राखावयाचा नाही, ही वृत्ती अजून जगातून गेलेली नाही. पण आता तेथे मालकाच्या शब्दामागे कायदा उभा आहे.

जमिनीचे झाले, आता कलेकडे वळू. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियात नवे डॉलर चलन सुरू झाले. एक डॉलरच्या नोटेवर झाडाच्या सालीवरील एका आदिवासी चित्राची नक्कल छापली होती. ते चित्र डेव्हिड मलांगी या चित्रकाराचे होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. चित्रकार कोणी अनामिक, बहुधा कधीच मरून गेलेला असावा, असे गृहीत धरण्यात आले होते. प्रकरण उघडकीस आल्यावर रिझर्व्ह बँकेने त्यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले. भूमी निर्मालक, तशी कलाही निर्मालक! दोन्ही ठिकाणी तर्क तोच.

पुढे आदिवासी कलावंत कोर्टात जाऊ लागले. त्यांची चित्रे उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणवून घेणाऱ्या एका कंपनीविरुद्ध आठ कलावंतांच्या वतीने दावा झाला. कलावंतांना मोबदला दिला जातो, असे त्या गालिच्यांवरील चिठ्ठीत खुशाल लिहिलेले होते. १९९४ साली फेडरल कोर्टाने १,८८,६४० डॉलरांची भरपाई मंजूर केली. पवित्र चित्र पायाखाली घातल्याने समाजात कलावंताची जी मानहानी होते, तिचाही विचार भरपाई ठरविताना केला गेला. परंतु कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्या. १९९८ सालच्या बुलुन बुलुन प्रकरणात कोर्टाने असे म्हटले की कलावंतावर आपल्या कुळाप्रती विश्वस्तासारखे कर्तव्य आहे. तथापि कुळाला त्या चित्राचा सामूहिक मालक मानता येत नाही. आपल्या कायद्यातील स्वामित्वहक्क एका व्यक्तीचा व ठरावीक वर्षांचा असतो; त्या समाजात चित्र म्हणजे भूमीचा दस्तऐवज असतो आणि तो साऱ्या कुळाचा असतो. ही दरी अद्याप बुजलेली नाही.

नकली मालाचे म्हणाल, तर २०१८ साली फेडरल कोर्टाने एका घाऊक कंपनीस दोषी धरले. तिने इंडोनेशियात तयार झालेली १८,००० हून अधिक बूमरँग, डिजरिडू आदी वस्तू त्या आदिवासींनीच बनविल्या आहेत असे भासवून विकल्या होत्या. २०१९ मध्ये २३ लाख डॉलरांचा दंड झाला. पण तोवर कंपनी अवसायनात निघाली होती. कोर्टाने शिक्षा केली ती खोट्या बतावणीबद्दल. त्याच नक्षीचा माल खोटा दावा न करता विकला असता, तर ग्राहक-कायद्याला त्याला हात लावणे कठीण होते. तेथील प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०२२ साली दाखवून दिले की आदिवासी धाटणीच्या स्मरणवस्तूंवर होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक पैसा नकली वस्तूंवर जातो. म्हणजे आपल्या कपाटातील ते बूमरँगही बहुधा नकलीच.

आता एक अनुभव सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. मागासवर्गीयांसाठी राखीव असलेली एक एजन्सी त्यांच्या नावावर होती. भांडवल दुसऱ्याचे, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, हिशेबाच्या वह्या दुसऱ्याच्या घरी. यांना महिन्याला ठरलेली रक्कम हातावर ठेवली जाई. कर थकला तेव्हा नोटीस मात्र यांच्या नावाने आली. कोरे कागद सह्या करून त्यांनी आधीच देऊन टाकले होते. मी विचारले, “दुकान कोणाचे?” ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “साहेब, पाटी माझी आहे.”

ऑस्ट्रेलियातही हा पाटीचा धंदा चालतो. सरकारने २०१५ पासून आदिवासींच्या व्यवसायांकडून खरेदी करण्याचे धोरण अंगीकारले, तेव्हा पुढे आदिवासी भागीदाराचे नाव आणि मागे परक्याची तिजोरी, अशा कंपन्या निघू लागल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून सप्लाय नेशन ही संस्था आपले प्रमाणपत्र देताना निम्म्याहून अधिक मालकी आदिवासींची आहे काय, आणि व्यवस्थापन व नियंत्रणही त्यांच्याच हाती आहे काय, हे पाहते. भागीदारी म्हणजे पाप, असे मी म्हणत नाही. भांडवल नसणाऱ्याला भागीदार लागतोच. परंतु निर्णय कोण घेतो, ही खरी कसोटी.

सबब माझी आपणांस विनंती आहे. आपण तेथे गेलात किंवा आपल्या मुलांनी सहल ठरविली, तर तिकीट काढण्यापूर्वी विचारा: हा व्यवसाय कोणाच्या मालकीचा आहे? वाटाड्या त्याच भूमीचा आहे काय? वस्तू घेताना विचारा: ही कोणी केली, त्याचे नाव काय, तो कोणत्या समाजाचा, आणि किमतीतील किती वाटा त्याला मिळतो? कलावंतांच्या स्वतःच्या मालकीची कलाकेंद्रे आहेत. पापुन्या तुला ही संस्था १९७२ पासून चालू आहे. ‘इंडिजिनस आर्ट कोड’ या आचारसंहितेवर सही केलेले व्यापारीही आहेत. नाव सांगता न येणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडा. जेथे छायाचित्र काढू नका असे लिहिले असेल, तेथे यंत्र खिशात ठेवा. हाताने केलेली वस्तू महाग पडते; दहा घेण्याऐवजी एक घ्या.

आणि हे दान म्हणून करू नका. सेवा चांगली नसेल तर बरोबरीच्या माणसाकडे करतो तशी तक्रार करा. चांगली असेल तर पुरा दाम द्या व घासाघीस करू नका. आपणांस कोणाची कीव नको होती, हक्क हवा होता. दुसऱ्याला तरी आपण कीव का द्यावी? ग्राहकाने मालकाला मालक म्हणून ओळखावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

२०२३ सालच्या सांस्कृतिक धोरणात तेथील सरकारने आदिवासींच्या सांस्कृतिक मत्तेसाठी स्वतंत्र कायद्याचे आश्वासन दिले. कायदे करणे संसदेच्या हाती आहे; पण आपल्या खिशातील पैसा कोठे जावा, हे ठरविणे आपल्या हाती आहे. घरी गेल्यावर कपाटातील ते बूमरँग एकदा उलटे करून पाहा. मागे करणाऱ्याचे नाव आहे काय? नसेल, तर पुढच्या वेळी दुकानात पहिला प्रश्न कोणता विचारावयाचा, हे आता आपणांस ठाऊक आहे.