बर्फावर कोणते मीठ टाकावे?



आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष-पौषात येथील पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि गावोगावी शेकोट्या पेटतात. तरीही पाणी गोठण्याइतका तो उतरत नाही. तेव्हा रस्त्यावरील बर्फ कसे वितळवावे, हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत.

आपल्या जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ कन्याकुमारीस श्रीनगरशी जोडतो. याच वाटेने उत्तरेकडे निघालेला मालमोटारीचा चालक ऐन हिवाळ्यात बनिहालच्या घाटात पोहोचतो. तेथे १९५६ साली जवाहर बोगदा झाला, २०२१ साली बनिहाल-काझीगुंड हा सुमारे साडेआठ किलोमीटरांचा नवा बोगदा खुला झाला. पण बोगद्याबाहेरचा रस्ता गोठायचा तो गोठतोच. दुसरे कारण घरातले आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अनेक मराठी कुटुंबांतील मुलेमुली आज अमेरिकेत व कॅनडात नांदत आहेत. मुलीच्या बाळंतपणासाठी आई तेथे जाते, ती नेमकी हिवाळ्यात. बर्फावर कधी पाऊल न ठेवलेल्या साठीच्या बाईचा दाराच्या पायरीवरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर सोहळ्याचे संकट होण्यास वेळ लागत नाही.

बर्फावर मीठ टाकतात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मात्र मीठ बर्फाला ऊब देते, हा समज खरा नव्हे. लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फात खडेमीठ घालतो, ते दूध गोठावे म्हणून. तेथे बर्फ वितळते, पण मिश्रण अधिकच थंड होते. मीठ काय करते, तर पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते. बर्फाच्या पृष्ठावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो. त्यात मीठ विरघळते, ते खारे पाणी शून्य अंशावर गोठत नाही आणि त्याच्या संगतीने खालचे बर्फ सुटू लागते. नेमके प्रमाण साधले, तर खारे पाणी उणे एकवीस अंशांपर्यंत द्रवरूप राहते. रस्त्यावर ते प्रमाण साधत नाही, आणि थंडी वाढेल तसा मिठाचा वेगही मंदावतो. म्हणून उणे नऊ-दहा अंशांच्या खाली साध्या मिठाचा विशेष उपयोग होत नाही. कित्येकजण अशा वेळी पोतेच्या पोते रिकामे करतात. बर्फ जागचे हलत नाही.

याकरिता निवड करताना पहिला प्रश्न थंडी किती, हा असावा. थंडी बेताची असेल, तर साधे मीठ स्वस्त व पुरेसे. उणे पंधराच्या आसपास मॅग्नेशियम क्लोराइड चालते. त्याहूनही कडक थंडीत, उणे पंचवीसपर्यंत, कॅल्शियम क्लोराइड उपयोगी पडते. ते विरघळताना स्वतः उष्णता देते, त्यामुळे कामही लवकर होते. मात्र ते महाग असते आणि हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे लागते. आपल्या कापूस उत्पादकांच्या ओळखीचा युरियाही या कामी वापरतात. तो लोखंडाला कमी गंजवतो, पण थंडी थोडी वाढताच निरुपयोगी होतो. शिवाय वाहून गेल्यावर तळ्यात शेवाळ माजवतो. अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण तर सिमेंटच्या फरशीवर कदापि टाकू नये. ती फरशी पोखरली जाते. पिशवीवर मोठ्या अक्षरांत काय छापले आहे यापेक्षा बारीक अक्षरांत कोणते द्रव्य लिहिले आहे, ते वाचावे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही: हे मीठ पुढे जाते कोठे? बर्फ वितळून जाते, मीठ नाहीसे होत नाही. मिठाच्या वजनात सुमारे साठ टक्के क्लोराइड असते. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम मीठ पंधरा लिटरांच्या बादलीत घातले, की दर लिटरला सुमारे २४० मिलिग्रॅम क्लोराइड होते. आपल्याकडील भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा २५० मिलिग्रॅमची आहे. एका चमच्याने एक बादली त्या मर्यादेला टेकते. मग पोत्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पाण्यात मिसळलेले क्लोराइड वेगळे काढणे फार खर्चाचे असते. कॅनडाच्या सरकारने २००१ साली रस्त्यांवरील मीठ पर्यावरणास अपायकारक असल्याचा निष्कर्ष काढला आणि २००४ साली त्याच्या वापराची आचारसंहिता घालून दिली. जमीन खारवली म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

म्हणून उत्तम मीठ कोणते, तर जे कमीत कमी टाकावे लागते ते. बर्फ पडताच, पायाखाली तुडवून घट्ट होण्यापूर्वी, फावड्याने ओढून काढावे. मग उरलेल्या पातळ थरापुरतेच मीठ टाकावे. पाचशे चौरस फुटांना मोठा पेलाभर, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पुरते. ढीग न करता दाणे विरळ पसरावेत. थंडी फारच असेल, तर वाळू टाकावी. ती बर्फ वितळवीत नाही, पण पायाला पकड देते. वाट कोरडी झाल्यावर उरलेले दाणे झाडून डब्यात ठेवावेत, पुढच्या खेपेस ते उपयोगी पडतात.

चालकबंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मीठ पसरलेले दिसले म्हणून रस्ता निर्धोक झाला, असे मानू नये. थंडी फार असेल, तर ते मीठ नुसते पडून असते. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतो. तेथे वेग आधीच कमी करावा, पुलावर जोराचा ब्रेक लावू नये. आणि परतल्यावर गाडीचा तळ साध्या पाण्याने धुऊन काढावा, कारण मीठ लोखंड खाते.

लेकीकडे निघालेल्या आईबापांच्या सामानात लोणच्याची बरणी असतेच. त्याबरोबर खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट असावेत, आणि पहिली पायरी उतरताना कठड्यावर हात असावा. मीठ त्यानंतरचे.