पाळी सुटल्यावरचा मळा



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि मोर्चा यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज मी भाज्यांवर बोलणार आहे. तक्रार असेल तर ती व्याख्यानमालेच्या चिटणीसांकडे करावी, कारण विषयाला मान्यता त्यांनी दिली आहे.

२०२५ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये पॅटन नावाच्या दोघा जुळ्या भावांनी वाढवलेला एक भोपळा तराजूवर चढला. त्याचे वजन भरले १२७८ किलोंहून अधिक. तीन धट्टेकट्टे बैल एकत्र उभे केले तर जेवढे वजन होईल, तेवढा हा एक भोपळा! १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईच्या प्रदर्शनात कॅनडाच्या विल्यम वॉर्नकने ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा मांडला होता, आणि तो उच्चांक १९७६ पर्यंत कोणी मोडू शकले नाही. पुढे कॅनडातल्याच हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने बियाणे निवडून निवडून ‘अटलांटिक जायंट’ ही जात तयार केली आणि मग आकडे भराभर चढत गेले. वेलावर एकच फळ ठेवायचे, बाकीची लहानपणीच खुडायची, म्हणजे साऱ्या पानांची कमाई त्या एकाच्या पोटात जाते. ही व्यवस्था आम्हा संघटनावाल्यांना फारच ओळखीची वाटते!

तेव्हा भोपळा बाजूला ठेवतो. मला ज्यांच्याविषयी सांगायचे आहे ते लोक इंग्लंडच्या ईशान्येचे, नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम या परगण्यांतले कोळशाच्या खाणीतले कामगार. त्यांचे वेड लीक नावाच्या भाजीचे. लीक ही कांद्याच्या कुळातली. पात आपल्या पातीच्या कांद्यासारखी, पण रुंद आणि चपटी, आणि खाली गड्ड्याऐवजी पांढरा दांडा. स्पर्धेची लीक आखूड आणि जाड असते. तिच्या पांढऱ्या दांड्याची लांबी ६ इंचांहून अधिक चालत नाही. घेर मोजायचा आणि तक्त्यावरून घनइंच काढायचे. म्हणजे उंच वाढण्याला बंदी, रुंद होण्याला मुभा. कमी उंचीच्या बोगद्यात वाकून कोळसा फोडणाऱ्यांना हा नियम पटला, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण मळ्याला दोन गोष्टी लागतात, जमीन आणि वेळ. त्या त्यांना कुठून मिळाल्या? १९०८ च्या कायद्याने मागणी आली तर कामगारांना मळ्याचे तुकडे पुरवण्याची जबाबदारी तिथल्या स्थानिक संस्थांवर टाकली. एक तुकडा साधारण अडीच गुंठ्यांचा. खाणीतल्या आठ तासांचा कायदाही त्याच साली झाला. गंमत अशी, की या दोन परगण्यांतल्या संघटनांनी त्या कायद्याला कित्येक वर्षे विरोध केला होता! कारण कोळसा फोडणारे तिथे आधीच सात तासांच्या आसपास काम करीत. पोरांना मात्र दहा तास राबावे लागे. हा विरोध मला मुळीच शोभादायक वाटत नाही. पण पहाटे खाणीत उतरलेला माणूस दुपारपर्यंत वर येई आणि त्याच्या वाट्याला सूर्यप्रकाश उरे, ही गोष्टही खरी. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. सुटी मिळाली, मळा कुणाला मिळाला?

वर्षभर दर आठवड्याला सभासद क्लबात वर्गणी भरत आणि सप्टेंबरात प्रदर्शन भरे. (वर्गणी वेळेवर येते हे वाचून माझा प्रथम विश्वासच बसला नाही.) बक्षिसे म्हणजे पलंग, खुर्च्या, घरातल्या वापराच्या वस्तू. नवरा सगळा उन्हाळा मळ्यात का घालवतो, याचा खुलासा बायकोला घरबसल्या मिळे. खत कोणते आणि पाण्यात काय मिसळायचे, हे बाप मुलाला सांगेल, शेजाऱ्याला नाही. कोणी झाडाला बिअर पाजतो म्हणत, कोणी साखर घालतो म्हणत. आणि प्रदर्शन जवळ आले की रात्री पहारा! कारण अंधारात येऊन कोणी तरी सुरीने साऱ्या लीक चिरून जाई. संपाच्या वेळी खांद्याला खांदा लावून उभे राहणारे हेच लोक. माझे काही स्नेही म्हणतात की ही तर भांडवलशाहीची चढाओढ झाली. मला ते पटत नाही. इथे हरणाऱ्याची चूल विझत नव्हती. मात्र सुरी चालवणाऱ्याला मी सोडणार नाही. त्याने दुसऱ्याचे वर्ष कापले.

१९८४ च्या मार्चपासून वर्षभर संप चालला, तो हरला. ॲशिंग्टनची खाण १९८८ साली बंद झाली. त्या भागातली शेवटची खोल खाण, एलिंग्टन, २००५ साली. आता कोणी म्हणेल, माणसे मोकळी झाली, मळे फुलले असतील. झाले उलटेच. प्रदर्शने घटत गेली. पगार गेला तशी वर्गणी गेली, क्लब ओस पडू लागले. १९८२ च्या संपानंतर आपल्या गिरण्यांच्या चाळींतूनही दिवसभर मोकळी बसलेली माणसे आपण पाहिली आहेत. त्यांच्या हातात वेळ होता, पण तो पाळी सुटल्यावरचा नव्हता. हा फरक ज्याने भोगला त्यालाच कळतो.

तरी काही गावांतून सप्टेंबरात अजून टेबले मांडली जातात आणि पांढऱ्या दांड्यांचा घेर मोजला जातो. एवढी मोठी भाजी खायची कुणी, असे आपण विचाराल. अनेक क्लबांतून प्रदर्शनानंतर त्या लीक चिरून त्यांचे मोठे पातेलेभर सूप करीत आणि ते म्हाताऱ्या, निवृत्त माणसांना वाढीत. सगळ्या मात्र चिरत नाहीत. एखादी उत्तम लीक मालक घरी नेतो आणि पुन्हा मातीत लावतो. पुढच्या उन्हाळ्यात तिला फुलाचे बोंड येते. फुले खुडून टाकली की त्या बोंडावरच गवतासारखी बारीक रोपे फुटतात, आणि ती आईसारखीच तंतोतंत निघतात.