हाताला लागणारा समुद्र



ज्या जिल्ह्यात वाघ पाहावयास देशोदेशीचे लोक येतात, तेथल्या श्रोत्यांपुढे समुद्राच्या प्राण्यांविषयी बोलणे म्हणजे नागपूरकराच्या दारी शहाळी विकावयास जाणे, असे कोणी म्हणेल. पण विषय निवडण्याचे कारण आपले ताडोबाच आहे. तेथे आपण गाडीत बसून पाहतो; खाली उतरावयाचे नाही, हात बाहेर काढावयाचा नाही. आणि जगातल्या पुष्कळशा लहान मत्स्यालयांत रीत नेमकी उलटी असते. कमरेइतक्या उंचीचा उथळ हौद असतो, त्यात तारामासे, शंखात राहणारे खेकडे असे गरीब जीव सोडलेले असतात, आणि मुलांना सांगतात, घाला हात. एके ठिकाणी स्पर्श म्हणजे अपराध, दुसऱ्या ठिकाणी स्पर्श म्हणजे शिक्षण. यातले खरे कोणते?

आपल्या महाराष्ट्रात हा प्रयोग मुंबईस झाला. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थांनी त्यासाठी दोन लाखांची देणगी दिली होती. विदर्भातून मुंबईस गेलेल्या कुटुंबाच्या यादीत राणीच्या बागेबरोबर हे नाव ठरलेले असे. २०१५ साली ते नव्या थाटात उघडले, तेव्हा काचेच्या बोगद्याबरोबर असा एक स्पर्शाचा हौदही तेथे आला. पुढे २०२० च्या साथीत दार बंद झाले आणि मग इमारतच धोकादायक ठरली. रत्नागिरीस झाडगावला सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे; तिकडे जाणाऱ्याने ते चुकवू नये.

आता हौदाशी उभे राहून पाहू. तारामासा म्हणजे मासा नव्हेच. त्याला डोके नाही, मेंदू नाही, आणि आपल्यासारखे रक्तही नाही. अंगातल्या नळ्यांतून समुद्राचेच पाणी खेळते. त्या पाण्याच्या दाबावर खालचे शेकडो बारीक पाय हलतात. प्रत्येक बाहूच्या टोकाला उजेड-अंधार ओळखणारा एक ठिपका असतो, तोच त्याचा डोळा. शिंपला उघडून खाताना तो आपले जठरच बाहेर काढून शिंपल्यात घालतो. हे पुस्तकात वाचून मूल विसरते; पण ते बारीक पाय बोटाला चिकटून सुटताना जी गुदगुली होते, ती विसरत नाही. एवढा स्पर्शाचा गुण कबूल केलाच पाहिजे.

दुसरी बाजूही आहे. तारामासा पाण्याबाहेर उचलला की त्याचे ते पाय गळून पडल्यासारखे होतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताने धरले की तो निघतो. हाताला साबण वा तेल असेल तर ते पाण्यात उतरते. म्हणून जाणत्या ठिकाणी नियम असा, की हात साध्या पाण्याने धुऊन ओले ठेवावे, दोन बोटांनी अलगद शिवावे, आणि प्राणी पाण्याबाहेर काढू नये. रविवारी पाचशे मुले आली तर त्या एका जिवाला हजार बोटे लागतात, हा हिशेब कोणी तरी केला पाहिजे.

हौसेने काय होते, ते इंग्लंडात घडून गेले आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिबागेत पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गपंडिताच्या पुस्तकांनी घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आणि टोपल्या घेऊन लोक किनाऱ्यावर लोटले. पुढे त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली लिहिले की लहानपणी पाहिलेली ती खडकांतली सुंदर डबकी या गर्दीने पार उजाड झाली. प्रेमानेच नाश झाला. आपल्याकडे २००१ साली समुद्रकाकडी नावाच्या आळशी प्राण्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत बसविले, ते उगाच नव्हे. २०१७ पासून मुंबईत काही हौशी मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन हे जीव दाखवितात. ही रीत मला अधिक पसंत आहे. समुद्र जागच्या जागी राहतो, माणूसच वाकून पाहतो.

मग चंद्रपुरात असे मत्स्यालय काढावे काय? खाऱ्या पाण्याचे काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ नुसते घालून भागत नाही, ते प्रमाण रोज सांभाळावे लागते. आणि आपल्या मे महिन्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. एक दिवस वीज गेली की खेळ आटोपला.

पण समुद्राशी आपले नाते नाही असे मात्र कोणी समजू नये. नकाशा पाहा. आपला समुद्र मुंबईचा नव्हेच. अंतराने बंगालचा उपसागर जवळ आहे, आणि आपले सारे पाणीही तिकडेच जाते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीखाली सागराला. या वाटेने येणारा पाहुणा आपल्या बाजारात विकला जातो: गोदावरीचा मोठा झिंगा. मादी अंडी पोटाखाली पायांशी धरून वागविते. त्यातून निघणारी पिल्ले गोड्या पाण्यात वाढत नाहीत. त्यांना नदीच्या मुखाचे मचूळ पाणी लागते. तेथे ती वाढतात आणि मग उलट्या प्रवाहाने वर चढतात. आर्थर कॉटनने धवलेश्वरमला बांधलेला बंधारा १८५२ साली पुरा झाला. २०१९ साली सिरोंच्यासमोर मेडीगड्डाचा बांध आला. प्रत्येक भिंत ही त्या बोटभर जिवाच्या वाटेवरची एक नवी चढण आहे.

तेव्हा हौद करावयाचाच तर वैनगंगेच्या पाण्याचा करावा. त्यात झिंगे असावेत, लपावयास दगड असावेत (कारण कात टाकलेल्या मऊ झिंग्याला भाऊबंदच खातात), आणि भिंतीवर मार्कंड्यापासून समुद्रापर्यंतचा नकाशा बांधांसकट काढलेला असावा. मोठ्या नराच्या नांग्या चांगला चिमटा काढतात, तेव्हा मुले आपोआप बेताने शिवतील. हौदाशी एखादा जाणता ढिवर उभा करावा. डोंग्यात जन्म काढलेल्या माणसाइतके हे पाणी कोणास ठाऊक? त्याचे मानधन मात्र तिकिटाच्या पैशातून आधी बाजूला काढावे, रंगरंगोटी मागून.